रनफ्लॅट काढून साधे टायर टाकावेत का? घाटाचा रस्ता आहे आणि डिक्कीत स्टेपनी नाही

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर कुणालाच नीट सल्ला देता येणार नाही.

गाडी जर्मन सेडान, २०१६ ची, डिझेल. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता ९१ हजार किलोमीटर झालेत. टायर २२५/५० आर१७, ९४ डब्ल्यू, चारही रनफ्लॅट. डिक्कीत स्टेपनी नाही, ती ठेवायला जागाही केलेली नाही. जॅक नाही, पाना नाही. घेताना एवढंच कळलं होतं की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत ८० किलोमीटर जाता येतं. ते खरं आहे, अनुभव घेतला. त्यापुढचं मात्र कुणी बोललं नव्हतं.

पहिला त्रास धक्क्यांचा. पाटणपर्यंत ठीक, पुढे कोयनानगरकडे पावसाळ्यात प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाणवतो. माझं कंबरेचं दुखणं जुनं आहे. चिपळूणला जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून वर्गात उभं राहावं लागतं.

दुसरं, जुलैमध्ये हेळवाकच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचा डावा टायर बसला आणि बाजूला चिरला. गाडी तशीच चिपळूणला पोचली. मी सकाळी एसटीने गेलो. टायरवाल्याने टायर रिमवरून उतरवला, उभा धरून हलवला, तर आतून मूठभर काळा चुरा जमिनीवर पडला. खवल्यासारखा, बोटांना चिकटणारा. तो म्हणाला, "सर, आता यात काही राहिलं नाही." त्या आकाराचा रनफ्लॅट चिपळुणात कुणाकडेच नव्हता, मागवला तर चार-पाच दिवस लागतील म्हणाले. शेवटी त्याच आकाराचा एक जुना साधा टायर बसवून गाडी कराडला आणली. म्हणजे सध्या तीन रनफ्लॅट आणि पुढे डावीकडे एक साधा अशी गाडी चालू आहे. पुढच्या उजव्या टायरलाही बाहेरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय.

भाव काढले. रनफ्लॅट एक साधारण २४ हजार, त्याच आकाराचा चांगला साधा टायर साडेतेरा हजार. चारही साधे टाकले तर ५४ हजारांत काम होतं, रनफ्लॅटचे ९६ होतात.

तर प्रश्न असे. त्याच रिमवर साधे टायर बसतात का? हवेची सूचना देणारी यंत्रणा चालेल का? विम्याला अडचण येईल का? आणि स्टेपनीचं काय करायचं?

आणखी एक सांगायचं राहिलं. गाडी जास्त करून बायको चालवते. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दर गुरुवारी चिपळूणच्या एका हॉस्पिटलात जाते, शिवाय अडलेली केस असली की रात्रीही निघावं लागतं. टायर फुटला त्या रात्री तीच होती गाडीत. एकटी.

मुठेकाठचा (पुणे)

डोळे मिटून साधे टाका. मी दोन वर्षांपूर्वी बदलले, तेव्हापासून २८ हजार किलोमीटर झालेत. पहिल्या दिवशी सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून गेलो तेव्हाच फरक कळला. आधी दारं खडखडायची, आता गाडी नुसती वरखाली होते. आवाजही कमी झाला. वळणावर स्टिअरिंग आधीइतकं टोकदार वाटत नाही, थोडं उशिरा वळल्यासारखं होतं, पण आठवडाभरात सवय झाली.

यंत्रणा व्यवस्थित चालते. बऱ्याच गाड्यांत टायरच्या आत सेन्सर नसतोच, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून ओळखतात. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते चाक जास्त फेरे घेतं. नवे टायर टाकल्यावर मेनूत जाऊन रिसेट करा आणि थोडी गाडी चालवा, ती पुन्हा शिकून घेते.

स्टेपनीऐवजी मी पंक्चरचं द्रावण आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप ठेवतो. दोन वर्षांत एकदाच खिळा लागला, पंपाने हवा भरून दुकानापर्यंत गेलो.

कृष्णाकाठ (कराड)

धन्यवाद. माझाही कल तिकडेच आहे. घरी अजून बोललो नाही, पण या महिन्यात काम उरकावं म्हणतो.

टायरवाला मिरजकर

सर, उरकू नका. आधी हे वाचा.

माझं टायरचं दुकान आहे. वडिलांनी हवा भरण्यापासून सुरू केलं, मी बावीस वर्षं बघतोय. रनफ्लॅटवाल्या गाड्या आमच्याकडे सांगली, कोल्हापूर, जयसिंगपूर, थेट विजापुराकडूनही येतात. त्यांतल्या दहापैकी आठ जणांना मी स्वतः साधे टायर सुचवतो. तुम्हाला सुचवणार नाही. का ते सांगतो.

सगळ्यात आधी, आज गाडी आहे तशी घाटात पाठवू नका. पुढच्या एकाच जोडीत एका बाजूला रनफ्लॅट आणि एका बाजूला साधा, हे चालत नाही. दोघांच्या बाजूच्या भिंतीचा ताठपणा वेगळा असतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला किंवा झटक्यात वळवलं तर गाडी दोन्हीकडे सारखी वागणार नाही. आणि फुगा आलेला टायर म्हणजे आतले धागे तुटलेले आहेत, वरच्या रबरावर सगळा भार आहे. तो कधी जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. त्या टायरवर मॅडमना बसवू नका, एवढं माझं ऐका.

आता रनफ्लॅटबद्दल. साधा टायर रिमवरून उतरवून आडवा ठेवा आणि बाजूची भिंत अंगठ्याने दाबा, दबते. रनफ्लॅटची दाबून बघा, अंगठा दुखेल पण ती हलणार नाही. त्या भिंतीत जास्तीचं रबर भरलेलं असतं. हवा गेली की गाडीचं वजन हवेऐवजी त्या भिंतीवर येतं. पण भिंत उभी राहिली तरी प्रत्येक फेऱ्याला ती वाकते आणि सरळ होते, आणि त्यात उष्णता तयार होते. तुम्हाला चिपळुणात दिसलेला चुरा त्याचाच. भिंतीचं रबर आतून भाजून झडलं. म्हणून ८० किलोमीटर आणि ताशी ८० ही मर्यादा आहे. गाडी भरलेली असेल किंवा एप्रिलचं ऊन असेल तर मी म्हणेन त्याच्याही आत थांबा. एकदा शून्य हवेवर चाललेला रनफ्लॅट मी पुन्हा बसवून देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. बाहेरून नवा दिसतो, आतून संपलेला असतो. खिळा लागला, हवा पूर्ण जायच्या आत लक्षात आलं आणि भोक मधल्या नक्षीत असलं, तरच आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावायचा विचार होतो, आणि काही कंपन्या तेवढंही नको म्हणतात.

खड्ड्यात मात्र हा ताठपणा आपल्यावर उलटतो. साधा टायर काठावर आदळला की थोडा दबून मार खातो. रनफ्लॅट दबत नाही, मार तसाच रिमला आणि वर गाडीला जातो. फारच खोल खड्डा असला तर टायर खड्ड्याचा काठ आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटतो. त्यातूनच चीर पडते, नाहीतर फुगा येतो. चिरलेल्या चाकाची रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघितली का? नसेल तर बघून घ्या. वाकलेल्या रिमवर नवा टायर घालून लोक नंतर टायरला नावं ठेवतात.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. साधे टायर त्याच रिमवर बसतात. रनफ्लॅटच्या रिमला आतून जास्तीचा उंचवटा असतो, हवा गेली तरी टायरची कड रिममधून निसटू नये म्हणून. साध्या टायरला त्याने काही बाधा येत नाही. उलटं करू नका, म्हणजे कुठल्याही साध्या रिमवर रनफ्लॅट घालू नका. भार आणि वेगाचा आकडा ९४ डब्ल्यू किंवा वरचाच घ्या. ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७०. आपण २७० ने जाणार नाही हे खरं, पण तो आकडा टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतो. ९१ वाला स्वस्त मिळतो आणि दुकानदार "चालतंय की" म्हणतो. त्यात ५५ किलो कमी झाले, ते चालत नाही.

रनफ्लॅट ओळखायची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ. आणि बसवून घ्यायचा तर मदतीचा हात असलेल्या मशीनवरच. रस्त्याकडेला पहार घालून बसवला तर कड फाटते.

आता असली गोष्ट. तुम्ही कंबर, पैसे, आवाज सगळं आधी लिहिलंत आणि मॅडम रात्री एकट्या घाटातून जातात हे शेवटी. मी उलट क्रमाने वाचलं.

त्या रात्री साधा टायर असता तर काय झालं असतं ते डोळ्यासमोर आणा. चीर बाजूला होती. पुण्याच्या दादांकडचं द्रावण तिथे काही कामाचं नाही, ते मधल्या नक्षीतलं खिळ्याएवढं भोक बुजवतं, भिंतीतली चीर नाही. पंप लावला तर हवा एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर. राहिली स्टेपनी. तुमच्या गाडीला हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, बाहेर आलेले दांडे (स्टड) नाहीत, बोल्ट आहेत. मारुती-ह्युंदाईचं चाक स्टडवर अडकवून ठेवता येतं, मग नट फिरवायचे. बोल्टवाल्या गाडीत वीस किलोच्या वरचं चाक हातांनी उचलून धरायचं, त्याची भोकं हबच्या भोकांसमोर आणायची, पहिला बोल्ट आत जाईपर्यंत ते हलू द्यायचं नाही. माझ्या पोरांना दुकानात उजेडात अवघड जातं. कुंभार्ली घाटात, वळणावर, पावसात, मोबाइलची बॅटरी तोंडात धरून?

म्हणून माझं मत आहे की या गाडीला आणि या माणसाला रनफ्लॅटच.

पैशाचं एक बघू. तुमचे मागचे दोन टायर कुठल्या वर्षीचे आहेत? टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे बघा. ३५१८ असेल तर २०१८ चा पस्तिसावा आठवडा. आणि नक्षी किती मिलिमीटर उरली आहे तेही सांगा. शिवाय हवा किती भरता?

वऱ्हाडी प्रवासी (नागपूर)

मिरजकर भाऊंचं पटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथे असावा.

मी महिन्यातून दोनदा समृद्धीवरून मुंबईला जातो. ७०१ किलोमीटर. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून सरळ भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात मेहकर मागे पडल्यावर रस्त्यावरचा लोखंडी तुकडा रनफ्लॅटमध्ये घुसला. सूचना आली, वेग कमी केला, जालन्यापर्यंत आलो. जालन्यात तो आकार नाही. छत्रपती संभाजीनगरला फोन केले, तिथे दुसऱ्या कंपनीचा एकच होता. दोन दिवस गाडी जालन्यात आणि मी लॉजवर. काँक्रीटचा रस्ता, ४३ अंश तापमान आणि १२० ची मर्यादा, अशा ठिकाणी ऐंशी किलोमीटरची सोय मला पुरत नाही. मला दुसरं चाकच लागतं.

मी चारही साधे टाकले आणि त्याच आकाराच्या जुन्या रिमवर पूर्ण मापाची स्टेपनी केली. डिक्की अर्धी गेली. चाक पट्ट्याने बांधून ठेवतो, मोकळं ठेवू नये, अपघातात ते पुढे येतं. बारीक चाकाची स्टेपनी आधी बघितली होती, पण तिच्यावर ८० च्या वर जाता येत नाही, हवा ६० पीएसआय ठेवावी लागते, आणि पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला ती घासत नाही ना हे आधी लावून बघावं लागतं.

माझं चाक मी स्वतः बदलतो. दिवसा प्रवास करतो. सोबत बहुतेक वेळा मुलगा असतो. डॉक्टर मॅडमची गोष्ट निराळी आहे, हे मान्य.

टायरवाला मिरजकर

भाऊ, तुमच्या जागी मी पण तेच केलं असतं. लांबचा पल्ला, मोठ्या गावाशिवाय टायर नाही, आणि बदलणारा हात आहे. जून २०२० मध्ये सरकारने टायर परवान्याशिवाय आयात करता येणार नाहीत अशा यादीत टाकले, तेव्हापासून असे आकार अवेळी मिळणं अवघडच झालं. आम्ही दुकानदारही असला माल पडून राहील म्हणून ठेवत नाही, हे खरं सांगतो.

गोदाकाठी (नाशिक)

विम्याचं काम करते म्हणून तेवढंच सांगते. रनफ्लॅटऐवजी कंपनीने दिलेल्या आकाराचे, तेवढ्याच किंवा जास्त भाराचे टायर घातले म्हणून अपघाताचा दावा अडलेला माझ्या पाहण्यात नाही. अडचण येते ती वेगळा आकार किंवा कमी भाराचा टायर घातला तर. बदल लेखी कळवून ठेवा, मेल पुरते.

नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटल्याचे पैसे मिळत नाहीत. टायरबरोबर गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतात, आणि तेव्हाही टायरचे निम्मेच, घसारा ५० टक्के धरतात. खड्ड्यात टायर गेला आणि बाकी काही झालं नाही, तर खर्च आपल्याच खिशातून. टायर-रिमसाठी वेगळं जोडकवच मिळतं. तुमच्या रस्त्याला ते घ्यावं असं माझं मत आहे. घेताना फुगा आणि चीर दोन्ही त्यात आहेत का ते वाचून घ्या.

स्टेपनी नसल्याबद्दल पोलीस काही म्हणतील का, असं कुणी विचारायच्या आधी: जुलै २०२० च्या नियमबदलानंतर, ट्यूबलेस टायर, हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे साधे टायर टाकून स्टेपनी ठेवणार नसाल तर तो संच गाडीत हवाच.

कृष्णाकाठ (कराड)

मिरजकर, तुमचं लिखाण वाचल्यावर दोन दिवस इथे लिहायला हात झाला नाही. क्रम उलटा आहे हे मला दिसलंच नव्हतं.

काल दुपारी खाली बसून आकडे वाचले. पुढचा उजवा ४११८. म्हणजे सात वर्षांचा, आणि मी त्यावर तिला पाठवत होतो. मागचे मात्र १२२३ आहेत! आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी बदललेले दिसतात. नक्षी कॉलेजातल्या व्हर्नियरने मोजली, ५ मिलिमीटरच्या वर आहे. मी चारही एकाच वयाचे धरून हिशेब करत बसलो होतो.

हवा ३८ भरतो, चारही चाकांत. पंपावरचा मुलगा म्हणाला होता की रनफ्लॅटला जास्त लागते. दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर आज पहिल्यांदा वाचलं. त्यावर दोन माणसांसाठी पुढे ३२ आहे.

ही लिहायचं म्हणतेय, तिला देतो.

*

नमस्कार, मी डॉक्टर. टायरमधलं मला काही कळत नाही, त्या रात्रीचं सांगते.

पावणेबारा वाजले होते. रस्त्यावर पाणी होतं, त्यामुळे खड्डा दिसला नाही. आवाज असा आला की मला वाटलं खालून काहीतरी तुटलं. समोर पिवळी खूण लागली. मी थांबले नाही. वेग ५० च्या आत ठेवला आणि घाट उतरले. गाडी डावीकडे ओढत होती, पोफळीला येईपर्यंत मनगटं भरून आली. खिडकी थोडी उघडी ठेवली होती, जळल्यासारखा वास येतो का बघायला. तिकडे एक बाई रक्तस्राव होत असलेली आली होती आणि भूल देणारे डॉक्टर माझी वाट बघत होते. मी सव्वा वाजता पोचले. आई आणि बाळ पाचव्या दिवशी घरी गेले.

गाडीत जॅक नाही हे मला इथे वाचेपर्यंत माहीत नव्हतं. असता तरी मी तिथे खाली उतरले नसते. मला धक्के चालतात. ह्यांच्या कंबरेचं काय ते आपण हवेवर बघू, आणि चिपळूणला ते महिन्यातून एकदाच येतात, मी पाच-सहा वेळा.

मिरजकर, मला एकच विचारायचं आहे. अशा टायरवर जाताना आता पुढे जाऊ नये हे कशावरून ओळखायचं?

टायरवाला मिरजकर

मॅडम, नमस्कार. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. खिडकी उघडी ठेवली हे तर मीही कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगेन.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. जळक्या रबराचा वास आला तर गाडी बाजूला घ्या. थपथप असा मंद आवाज चालेल, पण गाडी थरथरायला लागली, स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, तर भिंत सुटत आली आहे. आणि धातूचा करकर आवाज म्हणजे रिम रस्त्यावर टेकली, तिथेच थांबायचं. तोपर्यंत वेग ५० च्या आत, झटक्याने वळण नाही, जोरात ब्रेक नाही. आणि निघतानाच मीटरवर शून्य करून ठेवा, खूण लागेल तेव्हाचा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे त्यानंतर किती चाललात ते बघता येईल. हेळवाकपासून चिपळूण चाळीसेक किलोमीटर, तुम्ही निम्म्यातच होतात.

सर, तुमचा हिशेब बदलला. मागचे २०२३ चे चांगले आहेत. दोनच नवे रनफ्लॅट घ्यायचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. ४८ हजार. चार साधे ५४ चे होते आणि वर स्टेपनीची रिम, टायर, जॅक, पाना. नवी जोडी मागे घालायची आणि मागची पुढे आणायची. लोक नवे टायर पुढे घालतात, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी फिरते, ती सावरायला फार थोडे लोक जाणतात.

हवा ३८ वरून पुढे ३२ आणि मागे स्टिकरवर असेल तेवढी केलीत की बरेच धक्के तिथेच कमी होतील. सकाळी, टायर गार असताना मोजा. चार जण आणि सामान असेल तेव्हा स्टिकरवरचा दुसरा आकडा घ्या. पंपावरच्या मुलाचं ऐकू नका, २५० रुपयांचा स्वतःचा गेज गाडीत ठेवा. आणि ९१ हजार झालेत, तर शॉकॲब्सॉर्बर तपासून घ्या. एवढ्या रस्त्यावर ते बसले असतील तर कुठलाही टायर तुमच्या कंबरेला वाचवणार नाही.

एक करा. नवा टायर आला की त्याचे डीओटीचे आकडे बसवायच्या आधी मला दाखवून घ्या असं म्हणणार होतो, पण तुम्हाला आता वाचता येतात. वर्षाच्या आतला घ्या.

कृष्णाकाठ (कराड)

आज सकाळी हवा पुढे ३२ आणि मागे स्टिकरप्रमाणे केली. कराडहून मल्हारपेठपर्यंत जाऊन आलो. तोच रस्ता, तेच खड्डे, आणि परत येऊन मी खुर्चीत न टेकता सरळ बसून हे लिहितोय.

टायर दोन मागवले आहेत, बुधवारी येतील. तोवर ती चिपळूणला हॉस्पिटलच्या गाडीने जाईल, गुरुवारची फेरी तिने बदलून शनिवारी घेतली. बुधवारी तुमच्याकडेच येतो, बसवून, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि ती डावी रिम तपासून. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

टायरवाला मिरजकर

साडेआठपर्यंत. तुम्ही या, उशीर झाला तर थांबतो. बोल्टवर लॉक असेल तर त्याची किल्ली घेऊन या, डिक्कीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. सापडली नाही तर निघायच्या आधी फोन करा.